शिट्टीचा चहा

“अगं, उघड्या हाताने धरू नकोस, ठसे उठतात,” थोरली म्हणाली आणि धाकटीच्या हातातून नळ काढून घेऊन तो पुन्हा मऊ फडक्याने पुसू लागली. नळ साधाच होता, हात धुवायच्या बेसिनचा. पण असा लखलखत होता, की त्यात दोघी बहिणींची तोंडं लांबुडकी होऊन दिसत होती. धाकटीला हसू फुटलं. थोरली हसली नाही. कामावरून आणलेल्या वस्तूची चेष्टा तिला खपत नसे.

नळ शाळेत न्यायचा होता. सुट्टी लागली होती, पण पुढच्या वर्षी वरच्या दर्जाचं रसायनशास्त्र ज्यांना घ्यायचं होतं त्यांच्यासाठी केमिस्ट्रीच्या बाई सुट्टीतच तयारीचा वर्ग घेत होत्या. सुट्टी संपताना परीक्षा. त्यात निभावलं तर प्रवेश, नाहीतर सगळ्यांसारखा साधा विषय. उद्याच्या वर्गाला बाईंनी प्रत्येकाला घरातली एक वस्तू आणायला सांगितली होती. त्या वस्तूत कोणतं मूलद्रव्य आहे, ते तिथे कसं आलं आणि कुणी आणलं, हे उभं राहून सांगायचं. कुणी थर्मामीटर आणणार होतं, कुणी बॅटरी, एक मुलगा म्हणे आजोबांची कवळी घेऊन येणार होता. धाकटीला डोकं खाजवावं लागलं नाही. तिच्या घरात क्रोमियम राहायलाच होतं.

थोरली मुलामा देण्याच्या कारखान्यात कामाला होती. नळ, टॉवेलच्या दांड्या, सायकलींची हँडलं असा माल तिथे मळकट अंगाने येई आणि आरसा होऊन बाहेर पडे. तारेने बांधून तो आधी निकेलच्या टाकीत बुडवायचा, मग धुऊन क्रोमच्या. क्रोमची टाकी शेवटची आणि मानाची, आणि त्या टाकीवर थोरली उभी असे. टाकी पलंगाएवढी लांबरुंद, आत गडद तांबडं पाणी. वीज सोडली की पाणी फसफसू लागे आणि त्याच्यावर पिवळट धुकं धरे. ओल्या मालावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या कायम बंद. ते धुकं मग जाणार कुठे, थोरलीच्या तोंडावर येई. तिच्या नखांवर पिवळी झाक बसलेली होती आणि तिच्या कुठल्याही कपड्याला बारीक भोकं नाहीत असं होत नसे.

तिला कुणी विचारून थोरली केलं नव्हतं. वडील धाकटीच्या जन्माआधीच घरातून निघून गेले, ते गेलेच. आई वारली तेव्हा धाकटी रांगत होती. थोरली तेव्हा शाळेत होती आणि गणितात चांगली होती, असं तीच सांगे. खरंखोटं करायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने शाळा सोडली, धाकटीला शेजारणीकडे ठेवलं आणि कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. पुढे लग्नाचं दोनदा निघालं आणि दोन्ही वेळा ‘धाकटीचं काय करायचं’ इथे येऊन अडलं. तिने कधी बक्षीस घेतलं नाही, तिचा कुणी सत्कार केला नाही, तिच्या नावाने कुठे टाळी वाजली नाही. मिरवावा असा एकच दिवस तिच्या वाट्याला आला होता आणि तो सांगायला तिला फार आवडे. ऐकणारी मिळाली की ती मीठमसाला लावून सांगे, आणि दर वेळी मसाला थोडा वाढलेला असे.

“शिट्टीच्या चहाचं सांगू का उद्या?” धाकटीने विचारलं.

“सांग की. लाजायचं काय त्यात?” नळ फडक्यात गुंडाळता गुंडाळता थोरली थांबली. “पण नीट सांग. त्या टाकीवरची पहिली बाई मी, हे आधी सांग. नाहीतर गडबडीत विसरशील.”

त्या सुट्टीत त्यांच्या घरात रसायनशास्त्राशिवाय दुसरं काही शिजत नव्हतं. संध्याकाळी थोरली कांदा चिरायला बसली की समोर डब्याला टेकवून पुस्तक उभं ठेवी आणि धाकटीला प्रश्न विचारी. उत्तर बरोबर की चूक हे तिला कळत नसे. ती धाकटीच्या तोंडाकडे बघून ठरवी, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवी. कुठल्या अणूचा ऑक्सिडेशन नंबर किती, हे पान तिच्या विशेष आवडीचं होतं. गंधक झालं, मँगनीज झालं, की तिचा आवाज बदले.

“आणि आमच्याला?”

“तुमच्याला अधिक सहा.”

“म्हणजे वरचाच नंबर ना?”

“वरचाच, ताई.”

मग थोरली समाधानाने कांदा कढईत ढकली. जसं काही तो नंबर तिनेच परीक्षा देऊन मिळवला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात धाकटी बोलायला उभी राहिली तेव्हा आधी थोडी अडखळली. मग तिने नळ फडक्यातून काढला, खिडकीतल्या उजेडात धरला आणि छतावर कवडसा उमटला. मुलांनी माना वर केल्या. तिथून पुढे तिला कुणी थांबवू शकलं नसतं. क्रोमियम टाकीत कोणत्या रूपात असतं, विजेने ते निकेलवर कसं येऊन बसतं, हे तिने फळ्यावर लिहून दाखवलं. बाई टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होत्या आणि मधूनमधून मान हलवत होत्या. हुशार मुलीकडे बघताना बाईंचा चेहरा सैल पडत असे, तसा तो पडला होता.

“आणि ते तिथे कुणी आणलं, तर माझ्या ताईने,” धाकटी म्हणाली. “त्या टाकीवरची ती पहिली बाई.”

मग तिने शिट्टीच्या चहाचं सांगितलं. क्रोमच्या टाकीवर माणूस नवा लागला की त्याच्या नाकात आधी झोंबतं, मग खपल्या धरतात, रक्त येतं. बरेच जण घाबरून काम सोडून जातात. जे टिकतात त्यांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला एक दिवस भोक पडतं आणि श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजते. ज्या दिवशी ती पहिल्यांदा वाजेल त्या दिवशी उस्ताद, म्हणजे सगळ्या टाक्यांवरचा म्हातारा माणूस, वीज बंद करतो. कारखाना थांबतो. सगळ्यांना उस्तादाकडून चहा. त्या दिवसापासून माणूस पक्का. माल किती वेळ बुडवायचा हे त्याचं त्याने ठरवायचं, कुणाला विचारायचं नाही.

“ताईची शिट्टी वाजली तेव्हा मी तिथेच होते. उस्तादांनी मला टेबलावर बसवलं आणि बशीने चहा पाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांची शिट्टी तर फार जुनी आहे. ते नव्या माणसांना दाखवायला एका नाकपुडीत दोरा घालतात आणि दुसरीतून काढतात.”

वर्ग खदखदून हसला. कवळीवाल्या मुलाने स्वतःच्या नाकात पेन्सिल घालून दाखवली. धाकटीही हसली आणि हसता हसता म्हणाली, की ताईची शिट्टी रात्रभर वाजते आणि मला तर त्या आवाजाशिवाय झोपच येत नाही. तेव्हा तिचं बाईंकडे लक्ष गेलं. बाई हसत नव्हत्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

पुढे थर्मामीटर झाला, बॅटरी झाली. बाई ‘छान, छान’ म्हणत होत्या, पण त्या ऐकत नव्हत्या हे पहिल्या बाकावरच्या कुणालाही कळलं असतं. वर्ग सुटल्यावर त्यांनी धाकटीला थांबवून घेतलं, दार लोटलं आणि तिच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. बाई मुलांच्या बाकावर बसलेल्या धाकटीने कधी पाहिल्या नव्हत्या.

ताई किती वर्षं आहे तिथे, हे त्यांनी विचारलं. मी चालायला लागायच्या आधीपासून, धाकटीने सांगितलं. खोकला आहे का? टाकीवर सगळ्यांनाच असतो, बाई. बारीक झाली आहे का अलीकडे? धाकटीने जरा विचार केला. ताईने कामावरच्या एप्रनच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं खरं. पण ताई मुळातच काटक.

“हे बघ, तू फार छान बोललीस,” बाई म्हणाल्या. “पण ते भोक म्हणजे जळालेली जागा आहे. ॲसिडचे तुषार नाकात जाऊन जाऊन तिथलं मांस जळून गेलंय.”

“तिला दुखत नाही, बाई.”

“दुखत नाही म्हणून तर चहा पितात लोक.”

हे बोलून झाल्यावर बाईंनाच ते कठोर वाटलं असावं, कारण त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. जे नाकापर्यंत पोहोचतं ते नाकाशी थांबत नाही. ते खाली जातं, छातीत, आणि तिथे वर्षानुवर्षं मुकाट्याने काम करत राहतं. ताईला ताबडतोब छातीच्या डॉक्टरांकडे ने, उद्याच ने. काहीच नसेल तर मी स्वतः चहा पाजीन तुम्हा दोघींना, असं म्हणून बाईंनी हसायचा प्रयत्न केला.

धाकटी घरी गेली ती लांबच्या रस्त्याने. ज्या पुस्तकासाठी ती सुट्टीभर वेडी झाली होती ते पिशवीत नळाशेजारी होतं आणि त्यात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अधिक सहा लिहिलं होतं, रंग लिहिला होता, नाक लिहिलं नव्हतं. तिला बाईंचा राग आला, मग उस्तादांचा, मग टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांचा. आणि बशीतला तो चहा आपण मिटक्या मारत प्यायलो, हे आठवून शेवटी स्वतःचाही.

थोरली दारातच वाट बघत होती. हातपायसुद्धा धुतले नव्हते. मुलं हसली का? दोऱ्याचं सांगितलंस का? बाई काय म्हणाल्या?

“छान म्हणाल्या,” धाकटी म्हणाली.

“पहिली बाई, हे आधी सांगितलंस ना?”

“सांगितलं, ताई.”

थोरली इतकी खूष झाली, की तिने त्या दिवशी भाजीत चुकून दोनदा मीठ घातलं आणि तशीच खाल्ली. धाकटीने ‘उद्या सांगू’ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही ‘उद्या’ म्हटलं. ती वर्गाला जात राहिली. बाईंनी डोळ्यांनी विचारलं की ती मान खाली घालून वही उघडे. संध्याकाळी कांदा चिरताना थोरलीने ‘आणि आमच्याला?’ म्हटलं की धाकटी म्हणे, ते पान झालं ताई, पुढचं विचार. असा जवळजवळ आठवडा गेला. मग एका सकाळी थोरली मोरीत खोकायला लागली ती थांबेचना. धाकटी धावली तेव्हा थोरली तांब्याने घाईघाईने पाणी ओतत होती. पण पाणी पुरेसं पडलं नव्हतं. लाल दिसायचं ते दिसलंच.

“नाकातलं असेल,” थोरली म्हणाली. “येतं कधीकधी.”

धाकटीने मग तिथेच, मोरीच्या उंबऱ्यावर उभं राहून सगळं सांगून टाकलं. जरा हळू सांगावं, निवडून सांगावं, असं काही तिला सुचलं नाही. बाई जे जे बोलल्या ते ते तिने धडा म्हणून दाखवावा तसं म्हणून टाकलं. थोरली ऐकत होती. मधे एकदा ती म्हणाली, की उस्तादांची शिट्टी तर माझ्या जन्माच्याही आधीची, ते अजून ठणठणीत आहेत, तुझ्या बाईंना काय माहीत. पण हे ती वाद घालायला म्हणाली नाही. तिला फक्त काहीतरी म्हणायचं होतं. धाकटीचं बोलून संपलं तरी ती तांब्या हातात धरूनच उभी होती.

“तू हे वर्गात सांगितलंस तेव्हा मुलं हसली म्हणालीस.”

“हसली.”

“आणि बाई नाही हसल्या.”

“नाही.”

थोरलीने तांब्या खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही. “खोकल्याचं सांगितलंस ते बरं केलंस. डॉक्टरकडे जाऊ. पण तो दिवस तरी ठेवायचास गं. इतक्या सगळ्यात मला एकच दिवस मिळाला होता.”

धाकटी रडू लागली. थोरलीने तिला जवळ घेतलं नाही. ती आत गेली, केस विंचरले आणि कामाची वेळ झाली म्हणून निघून गेली. धाकटीच्या जन्मापासून आजवर तिने धाकटीला रडताना सोडून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण वाईट नव्हते. त्यांनी फोटो काढला, मग दुसऱ्या मशिनीत घालून आणखी फोटो काढले, मग सुईने छातीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर बसायचं. त्या बाकावर धाकटी पुस्तक उघडून बसे आणि एकही ओळ वाचत नसे. शेवटी डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं आणि आधी नोकरीची चौकशी केली. थोरलीने सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, की औषधं आहेत, ती घेऊ, त्रास कमी होईल, थोडे दिवस वाढतील. वाढतील म्हणजे किती, हे थोरलीने विचारलं नाही. धाकटीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, पुढचा उन्हाळा धरून चालू नका.

त्यानंतर धाकटी वर्गाला गेली नाही. पुस्तक तिने कपाटावर फेकलं. कोपऱ्यावरच्या कापडाच्या दुकानात काउंटरवर मुलगी हवी होती, तिथे ती विचारून आली. त्या विषयाची तिला किळस आली होती, असं तिने थोरलीला तोंडावर सांगितलं. ज्याने तुला खाल्लं ते मी शिकू? आणि पाठ करून त्याचे गुण मिळवू?

थोरली तेव्हा अंथरुणावर उशीला टेकून बसलेली होती. औषधाने तिची जीभ कोरडी पडे, म्हणून बोलताना ती थांबत थांबत बोले. आधी तिने शांतपणे समजावलं. धाकटी ऐकेना तेव्हा तिचा संताप झाला, आणि थोरलीचा संताप म्हणजे नुसता आवाज खाली येणं.

“मी त्या टाकीवर उभी राहिले ती तू कापडाच्या दुकानात उभी राहावीस म्हणून नाही. मला एक तरी माणूस असं पाहिजे, ज्याला माझं काय झालं ते कळेल. डॉक्टर मला कळेल असं बोलत नाहीत. उस्तादांना माहीत नाही. मला काय झालंय, ते तू सांग. तुझ्या भाषेत नको, माझ्या भाषेत सांग.”

“मला नाही येत.”

“नाही येत तर शीक. बाईंकडे जा.”

धाकटी गेली. बाईंनी काही विचारलं नाही, सुटलेला भाग पुन्हा शिकवला, आणि इतर मुलांना ठाऊक नसलेलं बरंच काही फक्त तिला शिकवलं. दुपारच्या वेळी थोरलीजवळ बसून ती ते सांगे. टाकीत वीज सोडली की मालाभोवती बुडबुडे येतात, वर येऊन फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा टाकीतलं थोडं पाणी हवेत उडवतो. तेच धुकं. त्यातलं क्रोमियम अधिक सहाचं. ते सहावालं अर्धवट उपाशी असतं, ताई. समोर जे येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावतं. नाकाचा पडदा असो, फुप्फुस असो, त्याला काही फरक पडत नाही. हिसकावून झाले की मग ते तीनचं होतं आणि गप्प पडतं. तोवर समोरच्याची मोडतोड झालेली असते.

“तीनचं झालं की काय रंग?” थोरली डोळे मिटून विचारी.

“हिरवा.”

“हां. जुन्या कपड्यांवर पडायचे हिरवे डाग. मी म्हणायचे, हे कुठून आले.” आणि कितीतरी दिवसांनी तिला काही जुळल्याचा आनंद होई. आपल्याच छातीचं चाललं आहे हे विसरून ती धाकटीला पुढचं विचारी. धाकटीला मात्र विसरता येत नसे. ती मोरीत जाऊन तोंड धुऊन येई आणि मग पुढचं सांगे.

शेजारच्या टाकीवरची निकेलवाली एकदा येऊन गेली, खूप बोलली आणि जाताना जिन्यात रडली. उस्ताद मात्र आले नव्हते. ते आले सुट्टी संपत आली तेव्हा, एका दुपारी, धुतलेला सदरा घालून. धाकटीने दार उघडलं आणि आत घ्यावं की नाही हे तिला कळेना. त्यांना शिव्या द्यायच्या तिने मनाशी जुळवून ठेवल्या होत्या. पण म्हातारा इतका वाकला होता, की ती बाजूला झाली.

उस्ताद खुर्चीच्या कडेवर बसले. कारखान्यातलं थोडं सांगितलं. थोरलीच्या जागी लावलेली नवी मुलगी नाकातून रक्त येतंय म्हणाली, तेव्हा मी तिला घरी पाठवलं, मालकाशी भांडलो, असं म्हणाले. मालकाने दुसरी आणली, हेही म्हणाले.  मग त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

“मी चहा पाजला तुला, पोरी,” ते शेवटी म्हणाले. “माझ्या उस्तादाने मला पाजला होता. मला वाटलं, असंच असतं.”

धाकटी थोरलीकडे बघत होती. आता ही काय बोलेल? मोरीपाशी ती आपल्याला जे बोलली होती ते या माणसाला बोलायला हवं होतं, आणि बोलावं असं धाकटीला मनापासून वाटत होतं. थोरली उशीवरून थोडी वर सरकली.

“चहा चांगला होता, उस्ताद,” ती म्हणाली. “तसा मग कुणी केला नाही.”

म्हाताऱ्याने तोंडावर रुमाल धरला. धाकटी आत निघून गेली, कारण तिला ते दोघं तसे बघवेनात. थोरलीने तो दिवस स्वतःचा स्वतः परत घेतला होता आणि धाकटीने काही म्हणायची त्यात सोय उरली नव्हती.

परीक्षेच्या सकाळी थोरलीने हट्ट धरला, की मी शाळेपर्यंत येणार. धाकटीच्या शाळेत ती कधी गेली नव्हती. सभा असो, निकाल असो, ती टाकीवर असे. रस्ता जवळचा होता, पण त्यांना फार वेळ लागला. दर थोड्या अंतरावर थोरली कुठल्यातरी भिंतीला हात लावून उभी राही आणि आपण दुकानाच्या पाट्या वाचतोय असं दाखवी. फाटकाशी बाई थांबलेल्या होत्या. त्यांनी थोरलीला पहिल्यांदाच पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

“जा,” थोरली धाकटीला म्हणाली. “मागे बघू नकोस. आणि आमचं आलं तर आधी ते सोडव.”

धाकटी गेली. मुलं पलीकडच्या खोलीत लिहायला बसली आणि दार बंद झालं. बाईंनी थोरलीला प्रयोगशाळेत बसवलं, कारण तिथे पाठीची खुर्ची होती आणि सावली होती. थोरली धाप कमी होईपर्यंत बसली. मग तिची नजर फिरू लागली. कपाटातल्या बाटल्या, ओळीने पालथ्या ठेवलेल्या काचेच्या नळ्या, ओटे, छोटी बेसिनं. बेसिनांच्या नळांकडे ती जरा जास्त वेळ बघत राहिली. कुणाच्या तरी टाकीतले असणार, आणि घाईत काढलेले, असं तिचं मत दिसलं. कोपऱ्यात काचेची एक मोठी पेटी होती, पुढची काच वर सरकवायची, आणि वरून जाड नळकांडं छताबाहेर गेलेलं.

हे कशाला, असं तिने विचारलं.

 बाईंनी सांगितलं, की मुलं ॲसिडचे प्रयोग यात करतात. वरचा पंखा धूर ओढून बाहेर टाकतो, मुलांच्या नाकातोंडात काही जाऊ नये म्हणून.

“ॲसिड किती घेतात मुलं?”

“चार-पाच थेंब.”

थोरलीने मान हलवली. “चालू होतो का?”

बाईंनी बटण दाबलं. पंखा घुमू लागला. थोरली ओट्याला धरून उठली, तिथवर चालत गेली, बाही वर केली आणि काचेखालून हात आत घातला. बोटं पसरून तिने हात मागे-पुढे केला, खाली आणला, पुन्हा वर नेला. तिच्या मनगटावरचा बाहीचा सुटलेला दोरा आतल्या बाजूला ताठ होऊन फडफडत होता. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“चांगला ओढतो,” थोरली म्हणाली.

पलीकडच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणी पुरवणी मागितली. बाईंनी पंखा बंद केला नाही. थोरलीही जागची हलली नाही, हात तसाच आत धरून ती परीक्षा सुटेपर्यंत तिथे उभी होती.